तुमच्या शोधनियतकालिकात लेखांसोबत डेटासेट आणि कोड प्रकाशित करायचाय? आधी हे बघा

नवी सिस्टीम घ्यायची घाई करू नका. आधी तुमचा मजकूर कशात साठवलाय ते तपासा. नुसत्या पीडीएफ असतील तर घोडं तिथेच अडेल. जॅट्स हे एक्सएमएल (शोधलेख संगणकाला वाचता येईल अशा रचनेत साठवायची पद्धत) २०१२ पासून नायसो या अमेरिकी मानक-संस्थेचं मानक आहे, पण ते मुळात लेखांसाठी बेतलेलं. डेटासेट त्यात कोंबू नका. त्याला स्वतंत्र नोंद, स्वतंत्र डीओआय म्हणजे कायमचा ओळखक्रमांक द्या (डेटासाइट ही संस्था २००९ पासून हेच काम करते) आणि लेखाच्या मेटाडेटात (शीर्षक, लेखक वगैरे माहितीत) दोघांचं नातं नोंदवा.

खरी डोकेदुखी आवृत्त्यांची. लेख छापला की थांबतो, कोड थांबत नाही. म्हणून निष्कर्ष ज्या आवृत्तीतून निघाले, तिचाच डीओआय मागा. कोड ठेवायच्या गिटहब या साइटची नुसती लिंक पुरत नाही. तिथली रिपॉझिटरी (कोडचा साठा) उद्या लेखकच पुसून टाकेल. हे आम्हाला उशिरा कळलं, मग जुन्या नोंदी हाताने दुरुस्त करत बसलो. व्हिडिओ त्या मानाने सोपे, फक्त सबटायटल विसरू नका.