ईसीजी नॉर्मल आहे तरी रात्री छातीत धडधड होते, हे टेन्शनमुळे असू शकतं का?

तुम्ही लिहिलंय की रात्री आडवं झालं की धडधड सुरू होते, मधेच ठोका चुकल्यासारखं वाटतं, ईसीजी नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका, तरी भीती जात नाही. हो, टेन्शनमुळे असू शकतं आणि बरेचदा तेच असतं. पण टेन्शनमुळे आहे म्हणजे तुम्हाला काही होतच नाहीये असं नाही हो, ठोके खरंच वाढलेले असतात. मला हे कोणी नीट सांगितलं नाही आणि त्यात माझं दीड वर्ष गेलं.

माझं सुरू झालं बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर. ते घरी आले, फिरायला पण लागले, आणि मग दोनेक महिन्यांनी एका रात्री डाव्या कुशीवर झोपलो होतो तर उशीत ठोके ऐकू यायला लागले. उठून बसलो तर अजून जोरात. घरात कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर होतं, ते बोटाला लावलं, पल्स ११८. आकडा बघितला आणि हातपाय गार पडले, परत लावलं तर १३०. बायकोला उठवलं, हॉस्पिटल गाठलं, ईसीजी नॉर्मल, रक्ताची टेस्ट नॉर्मल, पहाटे घरी. त्यानंतर कित्येक महिने दिवसातून वीस-पंचवीस वेळा ते यंत्र बोटाला असायचं.

होतं असं की मेंदूला धोका वाटला की अॅड्रेनालिन सुटतं, ठोके वाढतात आणि प्रत्येक ठोका जोरात पडतो म्हणून तो जाणवतो, जाणवला की आपण घाबरतो, घाबरलो की अजून अॅड्रेनालिन. त्यात श्वास नकळत भरभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग डोकं हलकं होतं, ओठांना, बोटांना मुंग्या येतात आणि आपल्याला वाटतं हा अटॅकच. ठोका चुकल्यासारखं वाटतं ना, तेव्हा बहुतेक वेळा एक ठोका वेळेच्या आधी पडलेला असतो, मग जरा थांबा येतो, तेवढ्यात हार्टमध्ये जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका दणकन बसतो. निरोगी माणसांनाही हे होतं, जागरण झालं, चहा-कॉफी जास्त झाली की काहींना जास्त जाणवतं.

मनाने कमकुवत आहे का मी, असं विचारलंय तुम्ही. अजिबात नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांना हीच धडधड व्हायची, दा कोस्टा नावाच्या डॉक्टरांनी त्यावर १८७१ मध्ये लिहिलं होतं.

आता तपासणीचं. ईसीजी म्हणजे जेमतेम दहा सेकंदांची नोंद, रात्री दोनला झालेली धडधड सकाळी अकराच्या ईसीजीत कशी दिसणार? म्हणून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घ्या, आणि २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर लावून दिवसरात्र ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावायचं का ते डॉक्टरांना विचारा. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मला टेबलावर बोटाने ठोके वाजवून दाखवायला सांगितलं होतं, हळूहळू चढतात-उतरतात की बटण दाबल्यासारखे एकदम सुरू आणि एकदम बंद होतात हेही विचारलं. एकदम सुरू होऊन दीडशेच्या वर जात असतील तर ते वेगळं असू शकतं, ते नक्की सांगा. धडधडीसोबत शुद्ध गेली, छातीत दाब आला, धाप लागली किंवा व्यायाम करताना चक्कर आली, किंवा घरात कोणी कमी वयात अचानक गेलंय, तर अँझायटी म्हणून घरी बसू नका, लगेच दाखवा, तब्येत जास्तच वाटली तर सरळ १०८ ला फोन. आणि कोणाची तरी धडधडीची गोळी मागून घेऊ नका, त्यातली प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी दमा असलेल्याला त्रास देऊ शकते.

माझ्या होल्टरमध्ये वेळेच्या आधी पडलेले थोडे ठोके सोडून काही निघालं नाही. पण रिपोर्टने भीती गेली नाही, आठवडाभर बरं वाटायचं आणि परत तेच. फरक पडला काउन्सेलिंगने. डॉक्टरांनी हार्ट ठीक आहे म्हटल्यावर काउन्सेलरने मला मुद्दाम चार मजले जिना चढायला लावला, वर पोचून छाती धडधडत असताना नाडी न बघता तसंच उभं राहायचं, आपोआप उतरेपर्यंत. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरून परत आलो होतो. तीन आठवड्यांनी चौथ्या मजल्यावर उभा राहून शेजाऱ्यांशी बोलत होतो आणि ठोके कधी उतरले कळलं पण नाही. ऑक्सिमीटर बाबांच्या कपाटात गेलं.

काउन्सेलर परवडत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, रात्री पण लागतो आणि मराठीत बोलतात. आज रात्री परत झालं तर नाडीवर बोट ठेवू नका, उठून बसा, चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, पाच-दहा मिनिटं करा, आणि सकाळी त्या दोन ब्लड टेस्ट करून या.