'फुल फ्लेज्ड'मध्ये पीस कुठे आहे?

विचारणा अशी आहे: 'फुल फ्लेज्ड' म्हणजे 'परिपूर्ण' हे कळतं, पण त्यातला 'फ्लेज्ड' म्हणजे काय? आणि नुसतं 'फुल फ्लेज' म्हटलं तर चालतं का?

नाही चालत. 'फुल फ्लेज ऑफिस', 'फुल फ्लेज कोर्स' हे रोज कानावर आदळतं. काहींच्या तोंडी त्याचं 'फुल प्लेज' होतं. प्लेज म्हणजे प्रतिज्ञा, तिचा इथे काडीचाही संबंध नाही. शेवटचा 'ड' गिळू नका. 'फुल' म्हणा की 'फुल्ली', दोन्ही बरोबर.

आता खरी गंमत. 'फ्लेज्ड म्हणजे पिसं फुटलेला' एवढं सांगून बहुतेक जण मोकळे होतात. इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या कोशात 'फ्लेज' या विशेषणाचा अर्थ देताना पिसांना पहिला मान दिला आणि उडणं त्यामागे ठेवलं. हा क्रम मला साफ उलटा वाटतो. शब्दाच्या मुळाशी पीस नाहीच, उडणं आहे. इंग्रजी 'फ्लाय' त्याच घरातला. जर्मन 'फ्ल्यूगे' म्हणजे उडण्याजोगं झालेलं पिल्लू. डचमध्ये याच शब्दाचा 'फ्लुख' झाला आणि त्याचा अर्थ 'चपळ'! तिथे पिसाचा मागमूसही उरला नाही.

आणि हे घर आपल्या ओळखीचं आहे. संस्कृत 'प्लु' धातू याच कुळातला: तरंगणं, उडी मारणं, उडणं. म्हणून उड्या मारत जाणारं माकड 'प्लवंग', नाव किंवा तराफा 'प्लव', आणि सुश्रुताने हंस-सारसांच्या गटाला दिलेलं नावही 'प्लव'. पंचांगात शके १९४३ला 'प्लव' संवत्सर होतं, तोही हाच शब्द. घरट्याच्या काठावर पहिली झेप घ्यायला बसलेलं पिल्लू आणि आपला प्लवंग एकाच कुळाची लेकरं आहेत, हे कोशांनी ठळक अक्षरांत छापायला हवं.

शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये शायलॉकची मुलगी पळून जाते तेव्हा त्याला ऐकवतात, पाखरू 'फ्लेज्ड' झालं होतं हे तुला ठाऊक होतंच. आपण नेमकं हेच म्हणतो: पोरीला पंख फुटले. 'पिसं फुटली' असं कोणी म्हणत नाही. शेक्सपिअरच्याच दुसऱ्या नाटकातलं विनोदी पात्र फॉल्स्टाफ मात्र राजपुत्राची हनुवटी अजून 'फ्लेज्ड' नाही म्हणतो, म्हणजे दाढी फुटलेली नाही. इथे पीस आलं हे मान्य. पण तो अर्थाचा पुढचा फाटा आहे, मूळ नव्हे.

बाणाला पिसं लावण्यालाही इंग्रजीत 'फ्लेज' करणं म्हणत. ती पिसं तरी कशाला लावायची? बाण सरळ उडावा म्हणूनच.