वाचकांचे प्रश्न : पोटाच्या डायलिसिसमध्ये बुरशी आणि नळी

प्रश्न : माझी आई दोन वर्षांपासून घरीच पोटाचं डायलिसिस (सीएपीडी) करते. गेल्या महिन्यात पोटातून बाहेर येणारं पाणी गढूळ आलं, अँटिबायोटिकनं उतरलं. आता पुन्हा गढूळ आहे, पोट दुखतंय आणि तपासणीत कॅन्डिडा नावाची बुरशी निघाली. डॉक्टर पोटात बसवलेली डायलिसिसची नळी काढा म्हणतात. औषधानं नळी वाचणार नाही का? – एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नळी वाचवायला जाऊ नका. कॅन्डिडा सिलिकॉनच्या नळीला आतून चिकटून बुळबुळीत थर करते. त्या थरात औषध पुरेसं शिरत नाही, म्हणून पाणी दोन दिवस स्वच्छ दिसलं तरी बुरशी तिथेच दबा धरून असते. नळी काढायला उशीर झाला, तर जिवाचा धोका वाढतो आणि पोटात चिकटाव होऊन पुढे हे डायलिसिस करणंच अशक्य होऊ शकतं. बुरशी दिसली की नळी ताबडतोब काढायची, हाच आजचा नियम आहे.

नळी निघाली म्हणजे उपचार संपला असं मात्र नाही. बुरशीविरोधी औषध त्यानंतरही किमान दोन आठवडे चालू ठेवतात. कॅन्डिडा अल्बिकन्स या जातीवर बहुधा फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध चालतं, ते पोटाच्या पाण्यात चांगलं उतरतं. ग्लाब्राटा किंवा क्रुसेई या कॅन्डिडाच्या दुसऱ्या जाती निघाल्या, तर ते कमी पडू शकतं, म्हणून बुरशीची जात आणि कोणतं औषध लागू पडतं याचा अहवाल मागून घ्या. अँफोटेरिसिन हे दुसरं बुरशीविरोधी औषध शिरेतून दिलं तर पोटात नीट पोचत नाही आणि पोटात सोडलं तर फार आग होते.

नळी नसताना रक्ताचं डायलिसिस करावं लागेल. त्यात फ्लुकोनाझोल बरंचसं निघून जातं, तेव्हा डायलिसिसच्या दिवशी गोळी डायलिसिस झाल्यावर द्या. आईला मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड असेल, तर फ्लुकोनाझोलबरोबर साखर एकदम उतरू शकते. रक्त पातळ करणारं वॉरफरिन असेल तर रक्तस्रावाची भीती. सगळ्या गोळ्यांची पट्टी डॉक्टरांपुढे ठेवा. आणि ज्या हाताने आई कमी काम करते, त्या हातात सुया टोचू देऊ नका. फिस्टुला (रक्ताच्या डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडणं) करायची वेळ आली तर त्या शिरा लागतील.

प्रश्न : हे टाळता आलं असतं का?

उत्तर : बऱ्याच अंशी. अँटिबायोटिक चालू झालं की नेहमीचे जंतू मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. ते दाढेसाठी असो वा छातीसाठी, पोटाचं डायलिसिस करणाऱ्यांनी त्या काळात बुरशीविरोधी औषधही घ्यावं: निस्टॅटिन ५ लाख युनिट तोंडावाटे दिवसातून ४ वेळा, किंवा फ्लुकोनाझोल २०० मिलिग्रॅम दर ४८ तासांनी. कोणतं, ते तुमचे किडनीचे डॉक्टर ठरवतील. पण बाहेरच्या डॉक्टरांना हे माहीत असेलच असं धरू नका, तुम्हीच सांगा.

नळी पुन्हा बसवायचा विचार पोट पूर्ण शांत झाल्यावर, निदान दोन आठवड्यांनंतरच होतो. पुष्कळांना ते जमत नाही, म्हणून फिस्टुलाचं बोलणं आत्ताच काढा.