बोक्याआधी तुमचा विमा

प्रश्न : वय 54, डोंबिवलीत एकटी राहते. खासगी नोकरी, 58 ला निवृत्ती. सोबतीला नऊ वर्षांचा बोका, बंड्या. म्हातारपणी त्याच्या औषधपाण्याची सोय व्हावी म्हणून बँकेतल्या अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने वर्षाला 60 हजार हप्त्याची, 12 वर्षांची पॉलिसी घेतली. शेवटी 10 लाख मिळतील. पॉलिसी हातात येऊन 18 दिवस झाले. माझं आजारपण कंपनीच्या विम्यात बसतं. बीपीची गोळी चालू आहे. आठ लाखांची एफडी आहे. बंड्या ठणठणीत आहे, हल्ली फक्त बादलीतलं पाणी सारखं पितो आणि जरा बारीक झालाय. त्याचा विमाही काढू का?

उत्तर : ताई, बंड्याला याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. या वयात पाणी वाढणं आणि वजन उतरणं म्हणजे किडनी, मधुमेह किंवा थायरॉईड यांपैकी काहीही असू शकतं. मांजर दुखणं लपवतं. आमची मांजर अशीच तासन्‌तास नळाखाली बसायची. उन्हाळा आहे, म्हणत आम्ही दोन महिने घालवले. रक्तात क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं सुमारे पाऊण काम गेलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं. रक्त, लघवी, बीपी तिन्ही तपासून घ्या.

आता पॉलिसी. ती संपेल तेव्हा बंड्या 21 वर्षांचा असेल. घरातलं मांजर साधारण पंधराएक वर्षं जगतं. म्हणजे खर्च येणार पुढच्या सहा वर्षांत आणि पैसे मिळणार त्यानंतर! त्यातून निवृत्तीनंतरही आठ वर्षं हप्ते. भरणार 7 लाख 20 हजार, मिळणार 10 लाख. परतावा जेमतेम पाच टक्के. तुमच्या जिव्हाळ्याचा आधार घेऊन ही गळ्यात मारली, याचा मला राग येतो.

पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. तुमच्या हातात 12 दिवस आहेत. किरकोळ कपात होऊन पैसे परत मिळतील.

त्या पैशातून तुमचा स्वतःचा आरोग्य विमा घ्या. तो नसणं ही तुमच्या पत्रातली खरी चूक आहे, आणि ती तुम्ही विचारलेलीसुद्धा नाही. कंपनीचा विमा नोकरीसोबत संपतो. 58 व्या वर्षी, बीपी असताना, नव्याने विमा मागायला जाल तेव्हा आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. आज घेतलात तर ती तीन वर्षं नोकरीतच सरतील. 10 लाखांच्या विम्याला वर्षाला 25 ते 30 हजार धरा. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. बीपी मात्र अर्जात लिहाच. उद्या तुम्ही दवाखान्यात पडलात आणि एफडी त्यात गेली, तर बंड्याला काय उरेल?

बंड्याचा विमा काढू नका. नऊ वर्षांच्या मांजराला बहुतेक ठिकाणी प्रवेशच मिळत नाही, मिळाला तरी आधीचं दुखणं वगळतात. त्याऐवजी पुढच्या खर्चाचे पैसे बाजूला ठेवा. लशी, नसबंदी हे पिल्लाचे खर्च तुमचे केव्हाच होऊन गेले. दोन ते सात ही स्वस्ताईची वर्षं, खरं तर तेव्हाच थोडं थोडं साठवायचं असतं. दहानंतर वर्षातून दोनदा तपासणी, भूल देऊन दातांची सफाई, किडनीचं दुखणं निघालंच तर महिन्याला तीन-चार हजारांचं वेगळं खाणं. आणि बोक्याची लघवी तुंबली तर रात्रीच्या रात्री न्यावं लागतं, एक-दोन दिवसांत जीव जातो. तो शी-शूच्या ट्रेमध्ये नुसता कुंथत बसलेला दिसला, तर सकाळची वाट पाहू नका.

यासाठी हाताशी दोन लाख पुरेत. आठ लाखांची एकच एफडी मोडली तर सगळ्या रकमेवर व्याज कमी मिळतं. म्हणून ती मुदत संपली की 50-50 हजारांच्या चार एफडी बंड्यासाठी वेगळ्या करा. लागेल तशी एकेक मोडता येईल.

पॉलिसी परतीचा अर्ज थेट विमा कंपनीकडे द्या आणि तारखेसह पोच घ्या. बँकेतले साहेब म्हणतील, ‘एक वर्ष तर भरून बघा.’ ऐकू नका.