शेजारच्या गोंगाटावर कायद्याचा उपाय कोणता?

प्रश्न : आमच्या वरच्या मजल्यावरील कुटुंबाकडे रात्री अकरानंतर मोठ्या आवाजात गाणी लागतात, त्यातल्या ठोक्यांनी आमच्या खिडकीची काच थरथरते. दिवसभर मुलांची धावपळ आणि खुर्च्या ओढण्याचे आवाज चालू असतात, ते निराळेच. पोलीस आले की आवाज बंद होतो आणि त्यांची पाठ वळताच पुन्हा सुरू होतो. सोसायटीचे पदाधिकारी ‘हा तुमचा आपसातला प्रश्न आहे’ असे सांगून हात झटकतात. वरच्या कुटुंबाला शिक्षा व्हावी यासाठी काय करता येईल?

उत्तर : मुलांचे पळणे आणि खुर्च्या ओढणे यांना तुमच्या तक्रारीतून आधी वगळा. घराच्या नेहमीच्या वापरातून निघणारे आवाज सर्वसामान्य माणसाने सहन करावेत, अशीच न्यायालयांची अपेक्षा असते, आणि अर्जात ते आले की रात्रीच्या गाण्यांची खरी तक्रारही किरकिरीच्या पातळीवर उतरते. रात्रीच्या गाण्यांबाबत मात्र कायदा स्पष्टपणे तुमच्या बाजूने आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. ‘माझ्या घरात मी काहीही लावीन’ या युक्तिवादाला सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 च्या निकालात उत्तर दिलेले आहे : स्वतःच्या जागेतही, जो आवाज बाहेर जाऊन शेजाऱ्यांना त्रास देईल, तो करण्याचा हक्क कोणालाही नाही.

रात्रीच्या वेळेवरील निर्बंध मोडले जात असतील, तर या नियमांखाली प्राधिकाऱ्याकडे (म्हणजे पोलीस आयुक्त, जिल्हा दंडाधिकारी किंवा नेमलेला पोलीस अधिकारी यांच्याकडे) तक्रार करता येते आणि त्याला आवाज थांबवण्याचा लेखी आदेश देता येतो. त्यामुळे 112 वर फोन करून थांबू नका. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. फोनवरून आलेले पोलीस ताकीद देऊन जातात, पण पोच घेतलेले दोन-तीन अर्ज पुढे प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडतात.

आता शिक्षेविषयी. भारतीय न्याय संहितेच्या कलम 292 खाली सार्वजनिक उपद्रवाला कमाल दंड 1,000 रुपये आहे, आणि गुन्हा अदखलपात्र आहे. शिवाय उपद्रव ‘सार्वजनिक’ ठरण्यासाठी तो परिसरातील लोकांना व्हावा लागतो. एकाच घराला होणारा त्रास त्यात सहसा बसत नाही. इतर सदनिकांनाही त्रास होत असेल, तर सर्वांच्या सह्यांनिशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तेथून किंवा अन्य अधिकृत लोकसेवकाकडून उपद्रव थांबवण्याचा आदेश झाल्यानंतरही तो चालू ठेवला, तर न्याय संहितेच्या कलम 293 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून माझा सल्ला असा, की दंडामागे न धावता मनाई हुकूम मिळवण्याकडे लक्ष द्यावे.

त्रास फक्त तुम्हालाच होत असेल, तर मार्ग दिवाणी न्यायालयाचा. तेथे खासगी उपद्रवाच्या कारणावरून कायम मनाई हुकुमाचा आणि नुकसानभरपाईचा दावा करता येतो, आणि दावा चालू असताना तात्पुरता मनाई हुकूमही मागता येतो. तो मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवता येते. वर्षानुवर्षांच्या शेजाऱ्याला कोर्टात खेचायचे नसेल, तर दाव्याआधी तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालतीत तडजोड करून पाहावी. अशा तडजोडीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते, हे फार थोड्यांना माहीत असते.

पुराव्यासाठी आजपासून एक वही घाला : तारीख, आवाज सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, कोणत्या खोलीत ऐकू आला, आणि त्या वेळी घरात आणखी कोण होते. मोबाइलवरील डेसिबल मोजणारी ॲप प्रमाणित नसतात, त्यामुळे त्यांचे आकडे दिशा दाखवण्यापुरतेच धरावेत. ध्वनिमुद्रण मात्र जरूर करा आणि मूळ फाइल पुसू नका, कारण न्यायालयात ती दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्र जोडावे लागते.

सोसायटीला इतक्या सहजी सोडू नका. इतर सभासदांना त्रास होईल असे वागू नये, हे बंधन आदर्श उपविधींतच, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांतच, आहे. ते कलम दाखवून समितीकडे लेखी मागणी करा आणि बैठकीच्या इतिवृत्तात तिची नोंद घ्यायला लावा.

प्रश्न : गोंगाट करणारे भाडेकरू आहेत आणि मालक परगावी राहतात. मालकाला जबाबदार धरता येते का?

उत्तर : मालकाला लेखी कळवावे, हे उत्तम. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 16 नुसार शेजाऱ्यांना उपद्रव देणाऱ्या भाडेकरूकडून जागेचा ताबा मागण्याचा हक्क मालकाला आहे. तुम्ही तो दावा करू शकत नाही, पण तुमची पत्रे त्यात पुरावा ठरतील. जागा लिव्ह अँड लायसन्स करारावर दिलेली असेल, तर करारातील अटी पाहायला मालकाला सांगा. बहुतेक करारांत शेजाऱ्यांना त्रास न देण्याची अट असते, आणि ती मोडल्यास नोटीस देऊन करार संपवणे दाव्यापेक्षा पुष्कळ लवकर होते.