गोधडी शिवायची आहे, पण खर्च परवडत नाही

प्रश्न : मी सांगलीत राहते. पतीच्या निवृत्तिवेतनावर घर चालते, त्यामुळे छंदासाठी महिन्याला शे-दोनशे रुपयांपेक्षा अधिक बाजूला काढता येत नाहीत. मला गोधडी शिवायची आहे, परंतु मोबाइलवरच्या व्हिडिओंत नवे सुती कापड, मध्ये घालायचे वॅडिंग, रोटरी कटर आणि वेगळे शिलाई मशीन असे सामान दाखवतात. एवढी खरेदी न करता हे जमेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नक्की जमेल. यांपैकी एकही वस्तू आपण घेऊ नये, असेच मी सुचवेन. सातारा-सांगलीकडच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाकळा शिवल्या त्या घरातल्या जुन्या लुगड्या-धोतरांतूनच, आणि त्या मऊ व उबदार झाल्या त्या वापरलेल्या सुताच्या थरांमुळे. वॅडिंगचे काम जुनी चादर उत्तम करते. आपल्याला विकत घ्यावी लागेल ती लांब, बारीक सुई, सुती दोरा आणि बोटाला टोचू नये म्हणून अंगुस्तान. दाभण मात्र वापरू नका, त्याने विरलेल्या कापडाला भोके पडतात.

कापडाची निवड हीच खरी महत्त्वाची बाब आहे. साडी उजेडाकडे धरून पाहा आणि दोन्ही हातांनी हलकेच ताणा. जिथे सूत सरकून जाळी दिसू लागते, तो भाग वरच्या थराला न घेता आत घाला. साधारण साडेपाच मीटरच्या साडीतून सव्वादोन मीटरचे दोन तुकडे काढून लांब कडेला कड लावून जोडले, की दोघांना पुरेल अशी एक बाजू तयार होते आणि उरलेल्या मीटरभर कापडात बाळाचे दुपटे बसते. नक्षीसाठी ओटीत आलेले ब्लाउजपीस बाहेर काढा. प्रत्येक घरात त्यांचा गठ्ठा पडून असतो. त्यांतले सुती कोणते हे कळत नसेल, तर कडेचा एक धागा जपून जाळून पाहावा : सुताची राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. पॉलिस्टर घाम शोषत नाही आणि शिवताना निसटते, म्हणून ते वगळावे. न वापरलेले ब्लाउजपीस मात्र आधी धुऊन घ्या, कारण नवे कापड पुढे आटते. लाल आणि गडद निळ्याचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून तपासा. ओळखीच्या शिंप्याकडेही कात्रण मिळते, पण त्यातले सुती तेवढेच निवडून आणावे.

आता शिवण. खालचा थर फरशीवर ताणून पसरा, चारही कोपऱ्यांवर विटा ठेवा, त्यावर चादर आणि मग वरचा थर घाला. आपल्याकडे काठापासून सुरुवात करून चौकोनी वळसे घेत मध्यापर्यंत शिवत जाण्याची रीत आहे. ती सुंदर दिसते, पण नवख्या हाताने शिवताना कापडाचा सगळा झोळ मधोमध गोळा होतो. म्हणून आधी मधून काठाकडे लांब लांब कच्चे टाके घालून थर पक्के करावेत आणि मगच काठापासून धावदोरा सुरू करावा. आत अखंड चादर असेल तर दोन ओळींत दोन बोटांचे अंतर चालते. चिंध्या भरल्या असतील तर ओळी एका बोटावर घ्याव्या लागतात, नाहीतर धुताना चिंध्या एका बाजूला जमतात. दोरा दुहेरी आणि हातभरच घ्या, त्याहून लांब घेतला की गुंततो. गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून लपवावी.

मशीनची गरज नाही. मला तर हाताचा टाकाच अधिक आवडतो, कारण तो कापडाला आवळत नाही.

पहिल्यांदा मोठी गोधडी हाती घेऊ नका. उरलेल्या मीटरभर कापडाचे दुपटे शिवा, ते दोन-तीनदा धुवा आणि उन्हात वाळवून पाहा. कापड कुठे चुण्या पडून गोळा झाले असेल, तर तिथे दोरा जास्त ओढला गेला आहे; तेवढी ओळ उसवून पुन्हा सैल हाताने घालावी.