सुशोभीकरण झालेल्या तलावाकाठी बसवत का नाही?

तुम्ही विचारलंय की शहरातल्या तलावाकाठी फरश्या, दिवे, बाकं, कारंजी सगळं झालं, तरी दहा मिनिटांच्या वर तिथे बसवत नाही. याचा आवाजाशी संबंध असेल का?

असेल, आणि माझ्या मते बराच असेल. मी बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलेला, त्यामुळे माझं सगळं गणित तिथल्या सूरसागर तलावावरून चालतं.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा काही दिवस तिला काळा चष्मा लावून संध्याकाळी तिथे नेत असे. दिसायचं अंधुक, पण ऐकून सगळं सांगायची: तो सेव-उसळवाला पातेल्यावर डाव आपटतोय, म्युझिक कॉलेजात कोणीतरी तबला लावतंय. (सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांकडे सोपवलेली गायनशाळा ती हीच, तलावाच्या काठावरच आहे.) मग एखादी बस जोरात हॉर्न मारत जायची आणि आई म्हणायची, "गेलं सगळं. आता नुसता रस्ता."

संथ पाण्याला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. तलावाकाठी आपण ऐकतो ते काठाचं. शिवाय पाणी आवाज शोषत नाही. हवेतून आलेला आवाज जवळजवळ सगळाच परत फेकतं. मैदानात गवत आणि माती थोडंफार गिळतात, तलावावर तेही नाही. उन्हाळ्यात पाण्यालगतची हवा वरच्या तापलेल्या हवेपेक्षा गार असली, तर वर जाणारा आवाज वळून पुन्हा खाली येतो आणि पलीकडच्या काठावरचं बोलणंही ऐकू येतं. सूरसागरासारखे बांधीव दगडी काठ असले की त्यांच्यावरूनही आवाज परततो. म्हणून तबला जितका छान पोचतो, तितकाच हॉर्नही.

आता तुमच्या बाकांकडे या. ती रस्त्यापासून लांब आहेत म्हणून कोणी समाधान मानत असेल तर ते खरं नाही. एका जागी उभं असलेलं जनरेटर घ्या: अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. सतत वाहणाऱ्या रस्त्याचा मात्र फक्त ३ नेच, आणि ३ चा फरक कानाला जेमतेम कळतो. दहा मीटरवरचं बाक वीस मीटरवर नेऊन फारसं काही हाती लागत नाही. आड काहीतरी आलं पाहिजे: भिंत, मातीचा उंचवटा, किंवा रस्त्यापेक्षा खालची पातळी. जुन्या घाटांच्या पायऱ्यांवर बरं वाटतं त्याचं एक कारण हेच. चार-सहा पायऱ्या उतरलात की रस्ता डोक्यावर राहतो. आमच्या कामाटी बागेतून विश्वामित्रीकडे गेलं की हे लगेच कळतं. नदी खोल दरडींत आहे, पुलावर वाहनं धावत असतात आणि तुम्हाला टिटवी ऐकू येते. (पाण्याशी उतरू मात्र नका, मगरी आहेत.) झाडांची एकेरी रांग आवाज फारसा अडवत नाही. रस्ता नजरेआड होतो आणि पानं सळसळतात, एवढाच तिचा उपयोग, पण मनाला तोही पुरतो.

कारंज्यांचं काय? ठेकेदारांचा तो आवडता उपाय. पडत्या पाण्याने बारीक कलकलाट झाकला जातो, पण डिझेल इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली, ती त्यातून सुटते. ती झाकायला कारंजं इतकं मोठं करावं लागतं की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. मला उंच कारंज्यापेक्षा बाकाजवळची लहानशी धार आवडते. जवळची असल्याने ती कमी आवाजातही पुरते.

आणि सुशोभीकरणात खांबाखांबावर स्पीकर लावून भजनं किंवा बासरी लावली असेल, तर पहिल्यांदा ती बंद करायला सांगा. शांतता हवी म्हणून नव्हे. नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती पाळली तरी त्या बासरीखाली बारीक आवाज बुडतातच. माझी कसोटी सोपी आहे: डोळे मिटा आणि सगळ्यात लांबचा कुठला आवाज ओळखू येतो ते बघा. पलीकडच्या काठावरची भांडी वाजलेली कळली तर जागा चांगली. बाकाच्या पलीकडे कान जातच नसेल, तर नगरपालिकेत अर्ज करताना दिव्यांचं बोलू नका, रस्त्याच्या बाजूला कंबरभर उंचीची भिंत आणि तिच्या आड, खालच्या पायरीवर बाकं मागा. बसलेल्या माणसाचा कान त्या भिंतीच्या खाली राहिला पाहिजे.